एका अँपिअरची अट



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या हातून सर्किट्स बनवून घेतली. म्हणून यंदाचा विषय निवडताना मी कृत्रिम बुद्धिमत्ता, चिप कारखाने वगैरे मोठे विषय बाजूला ठेवले आणि प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका तीन पायांच्या तुकड्याकडे वळलो. व्होल्टेज रेग्युलेटर. वरून १२ व्होल्ट येतात, खाली ५ हवेत. मधलं काम हा करतो. ७८०५ हा नंबर माहीत नसलेला इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी मला तरी भेटलेला नाही. तो गरम होतो हेही सगळ्यांना माहीत असतं. पण किती गरम होणार, हा हिशेब बोर्ड बनवण्याआधी कागदावर मांडणारे फार थोडे असतात, आणि त्याची किंमत बोर्ड वापरणाऱ्याला मोजावी लागते. मला आज त्याबद्दल बोलायचं आहे.

लिनियर रेग्युलेटर जास्तीचं व्होल्टेज स्वतःच्या अंगावर घेतो. आत आलेलं व्होल्टेज वजा बाहेर दिलेलं व्होल्टेज, गुणिले करंट. जे उत्तर येईल तेवढे वॅट त्याच्या पोटात उष्णता म्हणून जळतात. १२ चे ५ करताना अर्धा अँपिअर घेतलात, तर ७ गुणिले ०.५ म्हणजे ३.५ वॅट उष्णता. उपयोगी पडले २.५ वॅट. म्हणजे कामाला आली त्यापेक्षा जास्त वीज वाया गेली. कार्यक्षमता ४२ टक्क्यांच्या खाली. हा रेग्युलेटरचा दोष म्हणता येणार नाही. त्याची रचनाच तशी आहे, आणि कोणत्याही कंपनीचा, कितीही महागाचा लिनियर रेग्युलेटर आणलात तरी हे ३.५ वॅट चुकत नाहीत.

आता हे वॅट चिपमधून बाहेर पडायला हवेत. त्यांच्या वाटेत जो अडथळा असतो तो आपण ‘दर वॅटमागे किती अंश’ असा मोजतो. ज्यांना ओहमचा नियम येतो त्यांना हे शिकवावं लागत नाही: वॅट म्हणजे करंट, तापमानातला फरक म्हणजे व्होल्टेज, आणि मधला अडथळा म्हणजे रेझिस्टन्स. हीटसिंक न लावलेल्या, नुसत्या उभ्या ७८०५ साठी हा आकडा साधारण ५० ते ६५ असतो. ६५ धरा. ३.५ वॅट गुणिले ६५ म्हणजे २२७ अंशांची वाढ. चिपच्या सिलिकॉनचं तापमान १२५ अंशांच्या आत ठेवायचं, असं मानून चालणं शहाणपणाचं. म्हणजे हा प्रयोग सुरू होण्याआधीच फसलेला आहे. डेटाशीटच्या पहिल्या पानावर जो ‘१ अँपिअर’ ठळक छापलेला असतो, तो सशर्त असतो. ती अट आतल्या पानांवर, औष्णिक रोधाच्या तक्त्यात लिहिलेली असते. आपण पहिलं पान वाचतो आणि बोर्ड काढायला बसतो.

एक उदाहरण नीट उलगडतो. आपल्याकडे विहिरीवर, बोअरवर मोटरसाठी जे मोबाईल स्टार्टर बसवतात ते तुम्ही पाहिले असतील. शेतकरी घरून फोन करतो, मोटर चालू होते. वीज गेली-आली की मोटर आपोआप सुरू होते. आत एक ट्रान्सफॉर्मर, एक मायक्रोकंट्रोलर, रिले, सिमकार्डाचं जीएसएम मॉड्यूल आणि बहुतेक वेळा एक ७८०५. सगळं एका बंद पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेटीत. पेटी बंद असणं भागच आहे. धूळ, पाऊस, मुंग्या, पाली यांना आत येऊ देता येत नाही. ती पेटी खांबावर किंवा विहिरीच्या कठड्यावर उन्हात.

हिशेब मांडू. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, पुढे ब्रिज आणि कपॅसिटर. १२ हे आरएमएस मूल्य. शिखर १७ च्या जवळ, त्यातून दोन डायोडचे १.४ वजा केले की १५.६ व्होल्ट रेग्युलेटरच्या दारात. ‘१२ व्होल्ट’ मनात धरून गणित करणारा इथेच ३.६ व्होल्टनी चुकतो. त्यात शेतीच्या फीडरवरचं व्होल्टेज. सगळ्यांच्या मोटरी चालू असताना ते खाली बसतं, आणि बंद झाल्या की वर चढतं. दहा टक्के वर गेलं की आपल्या १५.६ चे १७.३ होतात. जीएसएम मॉड्यूल टॉवरशी बोलताना २ अँपिअरपर्यंत झटके घेतं, पण ते झटके ५७७ मायक्रोसेकंदांचे, आणि दर ४.६ मिलिसेकंदांनी एकदा येणारे. उष्णतेला एवढी घाई नसते. हीटसिंक तापायला मिनिटं लागतात, त्यामुळे उष्णतेच्या हिशेबासाठी सरासरी करंट धरायचा. ते झटके शेजारच्या मोठ्या कपॅसिटरने सोसायचे. पूर्ण बोर्डाची सरासरी ०.३ अँपिअर धरू.

१५.६ वजा ५ गुणिले ०.३, म्हणजे ३.२ वॅट. व्होल्टेज चढलेलं असेल तर ३.७ वॅट. एक बऱ्यापैकी हीटसिंक लावू: चिपपासून धातूच्या पाठीपर्यंत ५, मधल्या पेस्ट-वॉशरचा १, हीटसिंकपासून हवेपर्यंत १०, एकूण दर वॅटमागे १६ अंश. ३.७ गुणिले १६ म्हणजे ५९ अंशांची वाढ. कॉलेजच्या लॅबमध्ये हवा २५ अंश धरली तर चिप ८४ अंशांवर, एकदम निवांत. पण नागपुरात २३ मे २०१३ रोजी सावलीतलं तापमान ४७.९ अंश नोंदवलं गेलं आहे. विदर्भात, खानदेशात मे महिन्यात ४५ चा आकडा लोकांच्या अंगवळणी पडलेला असतो. उन्हातल्या बंद पेटीत, आतला ट्रान्सफॉर्मर तापत असताना, मी ६५ अंश धरूनच हिशेब करतो. ६५ अधिक ५९ म्हणजे १२४. मर्यादा १२५. हातात उरला एक अंश, तोही हीटसिंक लावल्यावर.

हा एक अंश गेला आणि तापमान तसंच चढत राहिलं की काय होतं? रेग्युलेटर जळत नाही. तो स्वतःला आवरतो. इथे बॉब विडलर या माणसाची आठवण काढायला हवी. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत असताना १९७० च्या सुमारास त्यांनी एलएम १०९ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर बनवला. सगळी ताकद एकाच चिपवर, आणि त्याच चिपवर तापमान ओळखून करंट तोडणारं सर्किट. सिलिकॉनच्या ज्या तुकड्यावर उष्णता तयार होते त्याच तुकड्यावर पहारेकरी बसवल्यामुळे त्याला खरं तापमान तत्काळ कळतं. बाहेर लावलेल्या कुठल्याही सेन्सरला ते इतक्या लवकर कळत नाही. त्यानंतर आलेल्या ७८०५ पासून आजच्या नखाएवढ्या रेग्युलेटरपर्यंत बहुतेक सगळ्यांच्या पोटात ही सोय आहे. माझ्या मते अभियांत्रिकीतल्या अत्यंत उदार कल्पनांपैकी ही एक आहे: वापरणाऱ्याने हयगय केली तरी वस्तू वाचावी, असा विचार तिच्यामागे आहे.

पण या सोयीमुळे आपण निष्काळजी झालो. रेग्युलेटर आवरतो तेव्हा ५ व्होल्ट घसरतात, मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो, रिले सुटतो आणि मोटर थांबते. भर दुपारी दोनला पिकाला पाणी चालू असताना. शेतकरी फोन करतो, कारागीर संध्याकाळी येतो, पेटी उघडतो. पेटी उघडली की हवा लागते, उन्हं उतरलेली असतात, सगळं सुरळीत चालू. कारागीर सिमला दोष देतो, नाहीतर लाइनला, नाहीतर ‘ड्राय सोल्डर असेल’ म्हणून दोन-चार टाके पुन्हा मारतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. दुपारी बिघडणारी आणि सायंकाळी बरी होणारी वस्तू समोर आली की आधी रेग्युलेटरच्या पाठीला हात लावा, असं मी इथल्या प्रत्येक कारागिराला सांगेन. अर्थात वीज तोडून, आणि जपून.

यावर ‘मोठा हीटसिंक लाव’ हे उत्तर लगेच येतं. मोकळ्या हवेत ते बरोबर आहे. बंद पेटीत ते निम्मंच बरोबर आहे. हीटसिंक चिपमधली उष्णता पेटीतल्या हवेला देतो. ती पेटीच्या बाहेर काढत नाही. बंद खोलीत पंखा लावला म्हणून खोली थंड होत नाही, तसंच हे. ३.७ वॅट आतच राहतात, आतली हवा आणखी तापते, आणि आपण धरलेले ६५ अंश मागे पडतात. उष्णता बाहेर काढायची तर हीटसिंक पेटीच्या धातूच्या भिंतीला घट्ट टेकलेला हवा, किंवा भिंतच हीटसिंक हवी. ७८०५ ची धातूची पाठ ग्राउंडला जोडलेली असते, म्हणून ती थेट धातूच्या पेटीला टेकवता येते, पेटीचं अर्थिंग आणि सर्किटचं ग्राउंड यांचा विचार करूनच. एलएम ३१७ ची पाठ मात्र आउटपुटला जोडलेली असते आणि ७९०५ ची इनपुटला. तिथे मायकाचा तुकडा विसरलात तर शॉर्ट.

आता उभे रेग्युलेटर मागे पडत चालले आहेत. नव्या बोर्डांवर १११७ घराण्यातला चपटा रेग्युलेटर दिसतो. ५ व्होल्टमधून ३.३ काढायला जो आपण वायफाय मॉड्यूलच्या बोर्डांवर पाहतो, तोच. त्याला स्क्रूने हीटसिंक लावता येत नाही. त्याची पाठ बोर्डाच्या तांब्यावर सोल्डर केलेली असते आणि बोर्ड हाच त्याचा हीटसिंक. म्हणजे उष्णतेचा निर्णय आता लेआउट काढणाऱ्याच्या हातात आला, आणि त्याला बहुतेक वेळा कुणी तसं सांगितलेलंच नसतं.

एलएम १११७ च्या डेटाशीटमध्ये या बाबतीतला तक्ता आहे. तो भिंतीवर चिकटवून ठेवावा इतका बोलका आहे. पाठीखाली जेमतेम पॅडपुरतं तांबं असेल तर दर वॅटमागे सुमारे १३६ अंश. तांबं सुमारे दोन चौरस सेंटिमीटर केलं की ८४. साडेसहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक चौरस इंच केलं की ६६. पहिल्या दोन चौरस सेंटिमीटरनी ५० अंशांहून जास्त कमावले आणि पुढच्या साडेचारांनी जेमतेम १८. असं का? बोर्डावरचं तांबं नेहमीच्या जाडीत अवघं ३५ मायक्रॉन असतं. तांबं उष्णता उत्तम वाहतं, पण एवढ्या पातळ पत्र्याच्या चौकोनी तुकड्यातून, तो लहान असो की मोठा, एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत उष्णता न्यायला दर वॅटमागे सत्तरेक अंश लागतात. त्यामुळे लांबचं तांबं फारसं गरम होतच नाही, आणि जे गरम होत नाही ते हवेला काय देणार? जागा कमी असेल तर ते दोन चौरस सेंटिमीटर हक्काने मागून घ्या. त्यापुढच्यासाठी भांडत बसू नका.

त्याऐवजी खालच्या थराकडे जा. बोर्डाचं फायबर, ज्याला आपण एफआर-४ म्हणतो, उष्णतेच्या बाबतीत जवळजवळ इन्सुलेटर आहे. तांब्याच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी उष्णता ते वाहतं. २५ चौरस मिलिमीटर जागेतून, १.६ मिलिमीटर जाडीच्या फायबरमधून उष्णता पलीकडे न्यायची तर दर वॅटमागे दोनशेच्या वर अंश लागतात. आता त्याच जागेत ०.३ मिलिमीटरचं एक छिद्र पाडा, आतून २५ मायक्रॉन तांब्याचा मुलामा द्या. या एकट्या व्हायाचा रोध येतो साधारण १७०. म्हणजे डोळ्याला धड न दिसणारं एक भोक त्या सगळ्या फायबरपेक्षा जास्त उष्णता खाली नेतं. अशी दहा भोकं पाडली की १७. वेगळा खर्च जवळजवळ नाही. फक्त भोकं लहान ठेवा, नाहीतर ओव्हनमध्ये वितळलेलं सोल्डर त्यातून खाली ओघळतं आणि रेग्युलेटरची पाठ उपाशी राहते.

इथे दोन चुका मी वारंवार पाहतो. पहिली: सॉफ्टवेअर पॅडभोवती चार बारीक दांड्या ठेवून बाकीचं तांबं आपोआप कापून टाकतं. सोल्डरिंग सोपं व्हावं म्हणून ही सोय आहे, पण रेग्युलेटरच्या पॅडवर ती उष्णतेची वाट अडवते. तिथे ती बंद करा आणि तांबं सलग भरा. दुसरी चूक जास्त महागाची. १११७ ची पाठ आउटपुटला जोडलेली असते, ग्राउंडला नाही. ७८०५ ची सवय हातात असलेला माणूस त्याच्याखाली सरळ ग्राउंडच्या व्हाया मारतो आणि शंभर बोर्ड शॉर्ट होऊन येतात. खाली तांब्याचं वेगळं ३.३ व्होल्टचं बेट काढा आणि व्हाया तिथे उतरवा.

याच १११७ वर ५ चे ३.३ करून अर्धा अँपिअर घेतला तर ०.८५ वॅट. आकडा किरकोळ वाटतो. पॅडपुरत्या तांब्यावर त्याची वाढ ११६ अंश; २५ अंशांच्या खोलीतही १४१. दोन चौरस सेंटिमीटर तांब्यावर ७१, म्हणजे ५० अंशांच्या हवेतही १२१. चिप तीच, किंमत तीच. डेटाशीटमधले असे आकडे बहुधा ठरावीक प्रमाण-बोर्डावर, स्थिर हवेत मोजलेले असतात. त्यातला एक प्रमाण-बोर्ड ७६.२ गुणिले ११४.३ मिलिमीटरचा असतो, तळहाताहून मोठा. आपला बोर्ड काडेपेटीएवढा असेल तर तो आकडा आपला नव्हे.

रेग्युलेटर वाचला म्हणजे बोर्ड वाचला असंही नाही. शेजाऱ्यांचं काय? इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने सुकतो. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांना आयुष्य निम्मं. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांत ठेवला तर ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त. हीटसिंकला चिकटवून ८५ अंशांत ठेवला तर ८००० तास. वर्षसुद्धा भरत नाही. बोर्डावर करपल्यासारखा तपकिरी डाग आणि त्याशेजारी फुगलेल्या डोक्याचा कपॅसिटर ही जोडी दुरुस्तीच्या टेबलावर रोज दिसते. रेग्युलेटरच्या पायांजवळ लहान सिरॅमिक कपॅसिटर ठेवायलाच हवा. पण मोठा इलेक्ट्रोलायटिक दोन-तीन सेंटिमीटर दूर गेला तर ७८०५ चं काही बिघडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उष्णता काढण्याआधी ती तयारच कमी होईल का, हा प्रश्न पहिला विचारायचा. ट्रान्सफॉर्मर १२ ऐवजी ९ व्होल्टचा चालेल का? चालला तर वॅट लगेच उतरतात, पण व्होल्टेज खाली बसलं तरी ७८०५ ला सुमारे ७ व्होल्ट मिळायलाच हवेत. तीच गोष्ट इनपुटला रेझिस्टर लावण्याची. १२ व्होल्टचा पक्का अडॅप्टर असेल, करंट ०.३ अँपिअर असेल, तर १५ ओहमचा रेझिस्टर ४.५ व्होल्ट स्वतःवर घेतो, त्याच्यात १.३५ वॅट जळतात आणि रेग्युलेटरवर पाऊण वॅट उरतो. रेझिस्टर तापून घ्यायलाच जन्मलेला आहे, त्यामुळे युक्ती उत्तम. पण शेतीच्या फीडरवर व्होल्टेज १६० पर्यंत घसरलं की आपल्या १५.६ चे साडेदहाही उरत नाहीत, त्यातून ४.५ गेले की ६ च्या खाली. रेग्युलेटरला पुरेसं पोचतच नाही. लॅबमधली युक्ती विहिरीवर नापास.

म्हणून बंद पेटीत, उन्हात, वरखाली होणाऱ्या व्होल्टेजवर माझा कौल स्पष्टपणे स्विचिंग रेग्युलेटरला आहे. एलएम २५९६ सारखा जुना, बाजारात कुठेही मिळणारा बक घ्या. तो सेकंदाला दीड लाख वेळा स्विच चालू-बंद करतो, ४० व्होल्टपर्यंत इनपुट सोसतो, आणि जास्तीचं व्होल्टेज जाळत बसत नाही. कार्यक्षमता ८० टक्केच धरली तरी आपल्या ०.३ अँपिअरला ०.४ वॅटच्या आत उष्णता. ३.२ च्या जागी. हीटसिंकच उरत नाही. त्याच्या बदल्यात इंडक्टर, डायोड, थोडा आवाज आणि लेआउटची शिस्त येते. आवाज जिथे चालत नाही, उदाहरणार्थ सेन्सरचा नाजूक सिग्नल, तिथे बकने आधी जवळ आणावं आणि शेवटचा एखादा व्होल्ट लिनियरने उतरवावा. लिनियर रेग्युलेटरला मी रजा देत नाही. जिथे फरक कमी आणि करंट कमी, तिथे त्याच्याइतका सज्जन भाग नाही.

शेवटी मोजणीबद्दल. थर्मल कॅमेरा आता अनेक कॉलेजांत आला आहे, पण चकचकीत धातूकडे तो रोखला तर तो खोटं थंड तापमान दाखवतो, कारण चकचकीत पृष्ठभाग उष्णता फारशी उत्सर्जितच करत नाही. काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. मोजणी झाकण लावून करा, पूर्ण लोडवर करा, इनपुट व्होल्टेज सगळ्यात वरचं ठेवून करा, आणि तापमान चढायचं थांबेपर्यंत थांबा. टेबलावर पाच मिनिटं चालवून ‘ओके’ लिहिलेल्या चाचणीला माझ्या लेखी किंमत नाही.

इथे बसलेल्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा घ्याल तेव्हा बोर्ड चालतो का हे जरूर पाहा, आणि त्याबरोबर चार आकडे विचारा: सर्वांत जास्त इनपुट व्होल्टेज, सरासरी करंट, पेटीतल्या हवेचं तापमान आणि त्यावरून निघालेलं चिपचं तापमान. अहवालात त्यासाठी एक पान सक्तीचं करा. पेटीतल्या हवेच्या रकान्यात कुणी २५ लिहिलं असेल, तर तो अहवाल परत पाठवा.